रूप, गुण आणि ललिताबाई पवार

शाळेच्या वार्षिकात नटनट्यांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न हे शीर्षक वाचताच एखाद्या सुज्ञ पालकाच्या मनात उभा राहील. संत, शास्त्रज्ञ, देशभक्त व समाजसेवक ह्यांची चरित्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत. चित्रपटांतील मंडळींचे गोडवे गाण्यास बाहेर दुसरी ठिकाणे पुष्कळ आहेत, असे त्यांचे म्हणणे असेल. हे म्हणणे आम्ही सर्वस्वी चुकीचे मानीत नाही. तथापि आमची मुले जितका वेळ पडद्याकडे पाहण्यात घालवितात, तितका वेळ ती कोणत्याही थोर पुरुषाच्या चरित्रास देत नाहीत, हे आपण सर्वजण जाणतो. मग तो पडदा चित्रपटगृहातील असो, दिवाणखान्यातील दूरचित्रवाणीचा असो, अथवा तळहातावर मावणाऱ्या मोबाईलचा असो. मुले ज्या शाळेत इतके तास बसतात, तेथे त्यांना कोणता धडा मिळतो ह्याची चौकशी करणे हे आई-बापांचे व गुरुजनांचे कर्तव्यच नव्हे काय?

त्या अनेक धड्यांपैकी एका धड्याविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे. तो धडा कोणी तोंडाने शिकवीत नाही, म्हणूनच तो फार खोल रुजतो. गोरा व देखणा तो भला. काळा, कुबडा, चकणा वा लंगडा तो दुष्ट. असा हा धडा होय. नायकाचे नाक सरळ असावयाचे व खलपुरुषाच्या गालावर व्रण असावयाचा, ही जणू ठरलेली रीत आहे. मुलांच्या मनावर हा संस्कार लहानपणापासून होत राहिला, म्हणजे वर्गातील ज्या मुलीच्या चेहऱ्यावर भाजल्याची खूण आहे तिच्या शेजारी बसण्यास दुसऱ्या मुली का कचरतात, अथवा सावळ्या मुलास 'काळ्या' म्हणून हाक मारताना कोणासच काही वाईट का वाटत नाही, ह्याचा उलगडा होतो. आमचे बोनकोडे गाव मूळचे आगरी-कोळी वस्तीचे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नव्या शहराची आखणी झाली आणि कोपरखैरण्याच्या इमारतींनी ह्या जुन्या गावठाणास चोहोंकडून वेढले. आज येथील वर्गांत नाना प्रांतांची, नाना वर्णांची व नाना बोलींची मुले एका बाकावर बसतात. अशा ठिकाणी तर रूपावरून माणसाची पारख करण्याची खोड फारच घातक होय.

ह्या खोडीवर औषध म्हणून आम्ही एका चित्रपट-अभिनेत्रीचेच चरित्र सुचवितो. काट्याने काटा काढावा, असे आपण म्हणतोच. ती अभिनेत्री म्हणजे ललिताबाई पवार.

नाशिक जिल्ह्यातील येवले हे गाव पैठणीसाठी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. तेथे १८ एप्रिल १९१६ रोजी ललिताबाईंचा जन्म झाला. त्यांचे मूळचे नाव अंबा. वडील कापडाचे व्यापारी होते. त्या काळी कुलीन घराण्यांतील स्त्रियांनी रंगभूमीवर वा पडद्यावर यावे, ही गोष्ट समाजास मानवत नसे. नाटकांतून स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. अशा दिवसांत ह्या मुलीने बालपणीच चित्रपटांत पाऊल टाकले. १९२८ च्या 'राजा हरिश्चंद्र' ह्या मूकपटात तिने काम केले. (दादासाहेब फाळके ह्यांचा १९१३ चा त्याच नावाचा सुप्रसिद्ध मूकपट निराळा.) पुढे १९३१ साली 'आलम आरा' ह्या चित्रपटाने हिंदी पडद्यास वाचा दिली, तेव्हा मूकपटांतील कित्येक नटनट्या मागे पडल्या, कारण मुद्राभिनय चांगला असला, तरी त्यांची वाणी शुद्ध नव्हती. ललिताबाई मागे पडल्या नाहीत. त्या बोलपटांतून बोलल्या व गायल्याही. 'कैलास' (१९३२) ह्या मूकपटाच्या आणि टॉल्स्टॉयच्या कादंबरीवर आधारलेल्या 'दुनिया क्या है' (१९३७) ह्या बोलपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. एका तरुण मराठी स्त्रीने त्या काळी नायिकेचे काम करावे व शिवाय निर्मितीची जोखीमही अंगावर घ्यावी, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि मग १९४२ साल उजाडले. 'जंग-ए-आजादी' नावाच्या चित्रपटाचे चित्रण चालू असताना, प्रसंगाच्या मागणीप्रमाणे भगवान ह्या नटाने त्यांच्या मुखावर थप्पड मारावयाची होती. ती थप्पड प्रमाणाबाहेर जोराने बसली. चेहऱ्याचा एक भाग लुळा पडला आणि डाव्या डोळ्यासही इजा झाली. दीर्घकाळ उपचार चालले. परंतु डावा डोळा कायमचा बारीक झाला तो झालाच. नायिकेचे जे भांडवल समजले जाते, तेच एका क्षणात गेले. वय अवघे सव्वीस वर्षांचे!

येथे आम्ही क्षणभर थांबून दोन गोष्टी बोलू इच्छितो.

पहिली गोष्ट अगदी व्यावहारिक आहे. आपल्या कानाच्या खालून निघून गालावर पसरणारी एक नाजूक शीर चेहऱ्याच्या स्नायूंना चालविते. डोळा मिटणे, ओठ हलविणे, हसणे ही सारी कामे तिच्यावर अवलंबून असतात. तिला दुखापत झाली की चेहरा वाकडा होतो. मधल्या सुट्टीत थट्टेने एकमेकांच्या कानशिलात भडकावणाऱ्या मुलांनी हे ध्यानी धरावे; रागाच्या भरात मुलावर हात उगारणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही ध्यानी धरावे. नाटकातील थप्पड ही हवेतच मारावयाची असते. टाळीचा आवाज पडद्याआडून काढता येतो. हुबेहूबपणाच्या हव्यासापायी दुसऱ्याच्या देहास इजा करणारी कला ही कला नव्हे.

दुसरी गोष्ट अशी की, 'जे झाले ते बऱ्याकरिताच झाले' असे म्हणण्याची आपणांस सवय आहे. ललिताबाईंविषयीही असे म्हणणारे भेटतात, की ती थप्पड बसली नसती, तर एवढी मोठी चरित्र-अभिनेत्री आपणांस लाभली नसती. हा विचार आम्हांस मुळीच पटत नाही. इजा ही इजाच होय. तिला वरदान म्हणणे म्हणजे दुखणाइताच्या वेदनेची थट्टा करणे होय. ललिताबाईंच्या ठायी जे गुण होते, ते थप्पड बसण्यापूर्वीही होतेच. थप्पडीने त्यांना काही दिले नाही. जे गेले त्यानंतर उरलेल्यातून त्यांनी स्वतःच उभारणी केली. श्रेय द्यावयाचे तर ते ह्या बाईंना द्यावे, अपघाताला देऊ नये.

ती उभारणी त्यांनी कशी केली, हे आता पाहू. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण नेहमी वापरतो. ललिताबाईंचे अंगण खरोखरच वाकडे झाले होते. तरी त्या नाचल्या! नायिकेच्या भूमिका मिळणार नाहीत हे दिसताच त्यांनी सासू, आत्या, मावशी, घरमालकीण, आई अशा भूमिका हाती घेतल्या. तिशीही न गाठलेल्या स्त्रीने आपल्या तारुण्याचा मोह सोडून प्रौढ स्त्रियांच्या भूमिका पत्करण्यास मनाचा केवढा निग्रह लागत असेल! पुण्याच्या प्रभात कंपनीच्या 'रामशास्त्री' (१९४४) ह्या चित्रपटात त्यांनी आनंदीबाईची भूमिका केली. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली वध झाला, त्या प्रकरणात 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका जिच्या नावाशी कायमची जोडली गेली, तीच ही आनंदीबाई. पुढे १९५० साली व्ही. शांताराम ह्यांचा 'दहेज' आला. हुंड्यापायी सुनेचा छळ करणारी सासू त्यात ललिताबाईंनी अशी उभी केली, की तेव्हापासून खाष्ट सासू म्हटली की प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे त्याच येऊ लागल्या. हुंड्यास बंदी करणारा कायदा आपल्या देशात १९६१ साली झाला. एका चित्रपटाने कायदा होत नाही, हे खरे. परंतु घरातील चार भिंतींआड चालणारा छळ पडद्यावर हजारो लोकांनी पाहिला, म्हणजे तो निमूटपणे झाकून ठेवणे थोडे अधिक अवघड होते, एवढे तर खास.

आता आमच्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. ललिताबाईंच्या कारकिर्दीतील दोन वर्षे आम्ही विद्यार्थ्यांपुढे मुद्दाम ठेवतो.

१९५५ ह्या वर्षी त्यांचे दोन चित्रपट प्रसिद्ध झाले. गुरुदत्त ह्यांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये त्या पुरुषजातीचा तिरस्कार करणारी, भाचीच्या संसारात बिब्बा घालणारी श्रीमंत बाई झाल्या. त्याच वर्षी राज कपूर ह्यांच्या 'श्री ४२०' मध्ये त्या मुंबईच्या रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई झाल्या आणि एका परक्या, निराधार तरुणास पोटच्या पोरासारखे वागवू लागल्या.

१९५९ ह्या वर्षी पुन्हा तसेच झाले. बिमल रॉय ह्यांच्या 'सुजाता'मध्ये अस्पृश्य मानलेल्या घरात जन्मलेली एक मुलगी ब्राह्मण कुटुंबात वाढत असते. तिचा विटाळ मानून तिला सतत दूर लोटणारी सोवळी म्हातारी ललिताबाईंनी उभी केली. आणि त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जी ह्यांच्या 'अनाडी'मध्ये त्या मिसेस डिसा झाल्या. ही ख्रिस्ती घरमालकीण फणसासारखी आहे. वरून काटेरी, आत गोड गरे. ती आपल्या गरीब भाडेकरूवर उठताबसता खेकसते आणि त्याच्यावर पुत्रवत् माया करते. शेवटी भेसळीच्या औषधाने तिचा बळी जातो, तेव्हा प्रेक्षकांस आपल्याच घरातील माणूस गेल्यासारखे वाटते. ह्या भूमिकेबद्दल ललिताबाईंना उत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, आणि पुढे १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला.

विद्यार्थ्यांनो, ह्या चार भूमिका एकापुढे एक ठेवून पाहा. गंगामाईचा डोळा व त्या तिरसट श्रीमंत बाईचा डोळा एकच आहे. मिसेस डिसाचा बारीक झालेला डोळा व त्या सोवळ्या म्हातारीचा डोळा एकच आहे. एका चित्रपटात त्या डोळ्यात आपणांस कपट दिसले. दुसऱ्यात त्याच डोळ्यात वात्सल्य दिसले. मग कपट व वात्सल्य डोळ्याच्या आकारात होते काय? मुळीच नव्हते. ते त्या भूमिकेच्या वागण्यात होते, बोलण्यात होते, कृतीत होते. माणसाचा भलेबुरेपणा त्याच्या नाकाडोळ्यांवर लिहिलेला नसतो, ह्याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा कोणता द्यावा?

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ललिताबाईंनी खाष्ट सासूचे व कजाग बाईचे जे ठसे उमटविले, त्यांमुळे 'सासू म्हणजे दुष्ट', 'डोळा बारीक म्हणजे कपटी' हेच समज दृढ झाले नाहीत काय? झाले, हे आम्ही मान्य करतो. त्यांच्या मागून आलेल्या कित्येक चित्रपटांनी व पुढे दूरचित्रवाणीवरील मालिकांनी तो एकच ठसा पुनःपुन्हा उमटवून झिजविला. परंतु हा दोष लेखक-दिग्दर्शकांच्या आळशीपणाचा आहे. ज्यांनी थोडा विचार केला, त्यांनी त्याच अभिनेत्रीकडून मिसेस डिसा करवून घेतली. 'आनंद' (१९७१) मध्ये रुग्णालयातील शिस्तप्रिय मेट्रन करवून घेतली, जी मरणाच्या दारी उभ्या असलेल्या हसतमुख रुग्णापुढे आपला कडकपणा विसरते.

दूरचित्रवाणीचा उल्लेख आला म्हणून रामानंद सागर ह्यांच्या 'रामायण' मालिकेविषयी सांगितले पाहिजे. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका दाखविली जात असे. त्या वेळी ज्या घरी दूरदर्शन संच असे, त्या घरी सारी आळी गोळा होई व रस्ते ओस पडत, हे आजचे आजी-आजोबा आपल्या नातवंडांना अजूनही सांगतात. त्या मालिकेत मंथरेची भूमिका सत्तरीच्या घरातील ललिताबाईंनी केली. मूकपटापासून ज्यांनी आरंभ केला, त्यांनी बोलपट पाहिला, रंगीत चित्रपट पाहिला आणि वार्धक्यात ह्या नव्या साधनावरही आपली छाप पाडली! २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी झाली, तेव्हा ती मालिका पुन्हा दाखविण्यात आली. ललिताबाईंचे पुणे येथे २४ फेब्रुवारी १९९८ रोजी निधन झाले होते. म्हणजे त्यांच्या पश्चात बावीस वर्षांनी एका नव्या पिढीने मंथरेचा राग राग केला.

मंथरा कुबडी होती, असे रामकथेत आहे. त्यावरून कुबड म्हणजे कपट असा अर्थ काढणारे पुष्कळ आहेत. परंतु कथा नीट वाचली, तर असे दिसेल की कैकेयीचे मन मंथरेच्या कुबडामुळे बिघडले नाही. ते मंथरेच्या शब्दांनी बिघडले. आणि कैकेयी स्वतः तर रूपवती राणी होती! तिच्या रूपाने तिला त्या शब्दांपासून वाचविले नाही. वर्गात एकमेकांविरुद्ध कान फुंकणाऱ्या मुलांनी मंथरेपासून काही शिकावयाचे असेल, तर ते हे आहे. पाठीला पोक असलेल्या एखाद्या गरीब म्हातारीस रस्त्यात 'मंथरा' म्हणून चिडविणे, हा त्या कथेचा विपर्यास होय.

पालकवर्गास आता दोन शब्द सांगावेसे वाटतात. पूर्वी मुलाने नट होतो म्हटले, की घरात आकांत होत असे. आता काळ अगदी पालटला आहे. चित्रनगरी बोनकोड्यापासून फार दूर नाही. मुलांना मालिकांतून व जाहिरातींतून कामे मिळावीत म्हणून कित्येक पालक त्यांना शाळा बुडवून निवड-चाचण्यांना नेतात. नटाचा धंदा आम्ही हलका मानीत नाही; प्रामाणिकपणे केलेला कोणताही धंदा हलका नसतो. परंतु तेथे नेण्यापूर्वी मुलास गोरे करणारी मलमे चोळण्यापेक्षा त्याचे उच्चार स्वच्छ करावेत, पाठांतर करवून घ्यावे, वाचनाची गोडी लावावी. ललिताबाईंचे रूप सव्विसाव्या वर्षी गेले आणि त्यांची कारकीर्द त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालली. ती कशाच्या बळावर चालली? स्पष्ट वाणी, अचूक निरीक्षण, वेळेचे भान आणि मिळेल त्या लहान भूमिकेतही जीव ओतण्याची तयारी, ह्यांच्या बळावर. ही शिदोरी वकिलास, परिचारिकेस, शिक्षकास व दुकानदारासही तितकीच उपयोगी पडते. मूल नट झाले नाही, तरी हे शिक्षण वाया जाणार नाही.

शाळांनाही, आणि त्यांत आमच्याही शाळेस, आमची एक सूचना आहे. स्नेहसंमेलनात भूमिका वाटताना देवदूत व राजकन्या गोऱ्याच मुलांतून निवडावयाच्या आणि सावळ्या मुलांना सैनिक, राक्षस वा झाडे करावयाचे, ही जी चाल पुष्कळ ठिकाणी नकळत पडली आहे, ती मोडावी. आधी पाठ म्हणवून घ्यावा, आवाज ऐकावा आणि मगच भूमिका द्यावी. नाताळच्या नाटिकेतील मरिया आपल्या खाडीकाठच्या एखाद्या सावळ्या मुलीने केली, तर त्या प्रसंगाचे पावित्र्य कणभरही उणे होणार नाही. उलट बेथलेहेमची ती गरीब माता आपल्याच आळीत आल्यासारखी वाटेल.

प्रभू येशूने सांगितलेला एक दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांना प्रार्थनेच्या तासामुळे परिचित आहे. परदेशी जाणाऱ्या धन्याने आपल्या चाकरांच्या हाती आपापल्या शक्तीप्रमाणे द्रव्य दिले. दोघांनी ते वाढविले आणि ज्याला सर्वांत कमी मिळाले होते, त्याने भिऊन ते जमिनीत पुरून ठेवले. तो चाकर दोषी ठरला, तो त्याला कमी मिळाले म्हणून नव्हे. मिळालेले त्याने वापरलेच नाही म्हणून. आपल्यापैकी कित्येकजण आरशात पाहून, आपणांस कमी मिळाले अशी समजूत करून घेतात व आपले गुण पुरून टाकतात. वर्गात प्रश्नाचे उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी, छायाचित्राच्या वेळी मागे दडणारा मुलगा, तोतरेपणाच्या भीतीने वक्तृत्वस्पर्धेत नाव न देणारा विद्यार्थी, हे सारे त्या चाकराच्या वाटेने चालले आहेत. ललिताबाईंना दिलेले तर मध्येच काढूनही घेतले गेले होते. तरीही उरलेले त्यांनी पुरून ठेवले नाही.

म्हणून विद्यार्थिबंधुभगिनींनो, 'अनाडी' हा चित्रपट घरी मोठ्यांच्या संगतीने एकदा अवश्य पाहा. मिसेस डिसा पडद्यावर येईल, तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याकडे क्षणभर पाहा आणि मग ती काय बोलते व काय करते, तिकडे लक्ष द्या. थोड्याच वेळात तो डोळा तुम्हांस दिसेनासा होईल व केवळ ती प्रेमळ बाई दिसत राहील. आपल्या वर्गातील, आपल्या आळीतील व आपल्या घरातील माणसांकडे असेच पाहावयास शिकलात, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.